सहा मशिनी आणि मंडळीचा जुना हिशेब

 

आज आम्ही तिघी बोलणार आहोत. तिघी एकाच चर्चच्या महिला मंडळातल्या. विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात चर्चच्या हॉलमधल्या सहा शिलाई मशिनींपासून करावी लागेल. त्या मशिनी नसत्या तर आम्ही इतिहासाची पुस्तकं उघडलीच नसती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सुगीच्या सणाला आमच्याकडे लोक शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी भोपळे, कणसं, कोंबड्या सगळ्याला चांगला भाव आला. वर्गणी धरून बऱ्यापैकी रक्कम जमली. पंचांनी ठरवलं, हा पैसा मंडळीने गावासाठी खर्चायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये एकत्र उपासना करणारी माणसं. आम्ही बायकांनीच सुचवलं, शिवणवर्ग काढू. मशिनी आल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, फीत कापली, पेढे वाटले. वेळ ठरली दुपारी तीनची. पहिल्या आठवड्यात अकरा जणी आल्या, दुसऱ्या आठवड्यात चार. महिन्याने आमच्याच मंडळीतल्या दोघी उरल्या आणि त्यांना शिवण आधीपासूनच येत होतं. आज त्या मशिनींवर जुन्या पडद्याची खोळ आहे.

आता पुन्हा थोडा पैसा जमलाय. पंचांपैकी काही जण म्हणतात, चर्चच्या फाटकावर कमान बांधू. काही म्हणतात, आरोग्य शिबिर घेऊ. आम्हाला विचारलं तेव्हा आम्ही गप्प बसलो, कारण मागची सूचना आमचीच होती. मग आमच्यातली सगळ्यात थोरली म्हणाली, "अगं, आपल्या जिल्ह्यात दोनशे वर्षं होत आली चर्चला. आधीच्यांनी काय केलं, काय फसलं, ते तरी बघू." त्या बघण्यातून जे हाती लागलं ते आज सांगतोय.

आपला जिल्हा, तेव्हाचा अहमदनगर आणि आजचा अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ साली सुरू झालं आणि नगरला ते आलं १८३१ मध्ये. त्या काळी कामाची आखणी कशी होत असेल याचा विचार करा. इथले मिशनरी बोस्टनला पत्र लिहिणार, पत्र जहाजाने महिनोन्‌महिने जाणार, तिथली समिती बसणार, उत्तर पुन्हा तितकेच महिने घेऊन येणार. तोवर इथे एक पावसाळा होऊन गेलेला असायचा.

तरीही या लांबच्या कारभारात एक बाई नगरला येऊन घट्ट बसली. सिंथिया फरार तिचं नाव. एकटी, अविवाहित. १८२७ च्या अखेरीस ती मुंबईला उतरली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये वारली तीही नगरलाच. म्हणजे तेवीस वर्षं एकाच गावात मुलींना शिकवत राहिली. पुण्याहून जोतीराव फुले आपल्या मित्राबरोबर नगरला गेले होते. तिथे फरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंच्या हाताखाली शिक्षिकेचे धडे घेतल्याचं सांगितलं जातं. जोतीराव काही ख्रिस्ती झाले नाहीत, पाद्र्यांशी त्यांचे वादही झाले. पण शाळेचा विचार त्यांनी उचलला आणि आपल्या पद्धतीने वाढवला. हे वाचल्यावर आमच्यातली धाकटी म्हणाली, "म्हणजे आपण केलेल्या कामाचा गुण कुठे येईल याचा हिशेब मंडळीच्या वहीत बसत नाही." बरोबर आहे तिचं. पण त्या बाईने तेवीस वर्षं दिली होती. आम्ही शिवणवर्गाला तेवीस दिवस दिले.

दुसरी गोष्ट १८५४ ची. त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टनच्या मिशन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. इंग्रजी शाळांवर एवढा खर्च नको, लोकांच्या भाषेत शिकवा. गावोगावी लहान मंडळ्या उभ्या करा, त्यांना त्यांच्यातलाच पाळक द्या. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपल्या पाळकाचं पोट आपण भरावं आणि आपल्या आसपासचं काम आपणच वाढवावं. इंग्लंडमधले हेन्री व्हेन हेही त्याच सुमारास हेच सांगत होते. नगरला त्याच १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीच्या कारभाराचं पान तिथे उलटलं.

अँडरसनसाहेबांच्या या म्हणण्यावर आमच्यात बराच वाद झाला. एक जण म्हणाली, शंभर टक्के खरं. दुसऱ्याच्या ताटात जेवणाऱ्याला भाजी कोणती करायची हे कुठे विचारतात? पैसा बाहेरचा असला की योजनाही बाहेरची येते. दुसरी म्हणाली, हो, पण "तुम्ही स्वतःच्या पायावर उभे राहा" हा निर्णयसुद्धा बोस्टनमध्येच झाला ना! आणि ते पाय कुणाचे होते? नगरच्या खेड्यांतल्या मंडळ्यांमधले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातले. ख्रिस्ती झाल्यावर अनेक ठिकाणी त्यांचं बलुतं बंद झालं, गावाने वाळीत टाकलं. ज्याच्या घरी सुगीची दोन पायली ज्वारी येणं थांबलं, त्याला पाळकाचा पगार दे म्हणायचं, हे सांगायला सोपं आणि करायला अवघड. तरी लोकांनी दिलं. धान्य दिलं, अंडी दिली, चर्चच्या भिंती लिंपायला हात दिले. आमच्या सुगीच्या लिलावातही त्याच देण्याचा अंश आहे असं आम्हाला वाटतं.

याच ओघात एक कडू गोष्टही सांगायला हवी. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा शतक संपताना पडलेल्या दुष्काळात मिशनांनी अन्न दिलं, अनाथ पोरं सांभाळली, आणि त्यानंतर बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली. "पोटासाठी बाटले" हा टोमणा तेव्हापासून आमच्या आज्या-पणज्यांनी ऐकला. आम्हीही शाळेत ऐकला. भुकेल्याला भाकरी देणं चूक नाही, आणि भाकरी देणाऱ्याविषयी प्रेम वाटणंही चूक नाही. पण देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असला की संशयाला जागा राहते. दीडशे वर्षं झाली, तो संशय गेलेला नाही. आमच्या शिवणवर्गाच्या वेळी एका सुनेला तिच्या सासूने विचारलं होतं, "शिवण शिकवतील, मग पुढे काय करायला लावतील?" तेव्हा आम्हाला राग आला होता. आता कळतं की ती सासू काही आकाशातून बोलत नव्हती.

मंडळीचं काम मराठी मातीतलं करायची धडपड खूप जणांनी केली. कृष्णराव सांगळे यांनी १८६० च्या दशकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. लोक बाकावर बसून प्रवचन ऐकायला येत नाहीत, पण टाळ-मृदंग वाजला की येतात, हे त्यांनी ओळखलं. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने भजनं लिहिली, ती आजही आम्ही म्हणतो. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला आणि संन्यास घेतला. मिशनच्या पैशाविना, मिशनच्या शिक्क्याविना ख्रिस्ताचं काम व्हावं ही त्यांची तळमळ होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये ते गेले. तळमळ मोठीच होती, पण आम्हा बायकांना त्यात लक्ष्मीबाई दिसत राहतात. पगार सोडायचा निर्णय एकाचा आणि डब्यात तांदूळ किती उरलेत हे बघायचं दुसरीने, असं किती घरांत झालं असेल! लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली नाहीत त्यांनी जरूर वाचावीत. नवरा ख्रिस्ती झाला १८९५ मध्ये, बाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, राहुरीला. मधली पाच वर्षं सोवळं, पाणी, शिवाशिव यांच्याशी त्यांचं जे आतल्या आत चाललं होतं, ते कुठल्या मिशनच्या अहवालात सापडणार नाही.

अहवालात न सापडणाऱ्या आणखी बायका म्हणजे बायबलबाया. आमच्यातल्या एकीची आजी बायबलबाई होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत नवा करार आणि भजनांचं पुस्तक, पायात वहाणा. बायबलबाया बहुतेक विधवा किंवा टाकलेल्या असत. परक्या पुरुषाला ज्या घरात पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे त्या ओट्यावरून आत माजघरापर्यंत जात. वाचून दाखवत, अक्षरं शिकवत, बाळंतिणीजवळ बसत. कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाच्या सुनेला मार बसला, कुणाचं पोर तापाने फणफणलंय, हे गावात सगळ्यात आधी त्यांना कळे. योजना करणारे मात्र कमिटीच्या खोलीत बसत आणि या बायांना बोलावत ते फक्त किती घरांना भेटी दिल्या हा आकडा द्यायला. आमची ती मैत्रीण म्हणते, "आजीला सगळं गाव माहीत होतं, पण गावासाठी काय करावं हे आजीला कुणी विचारल्याचं तिने कधी सांगितलं नाही."

हे विचारणं प्रत्यक्षात आलेलं आम्हाला दिसलं ते जामखेडला. आणि तिथे आम्ही थोडं जास्त थांबणार आहोत.

डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे. रजनीकांत राहुरीचे, ख्रिस्ती कुटुंबातले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. साठच्या दशकात नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात त्यांनी काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की एकदा बरं करून घरी पाठवलेलं पोर थोड्या दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतं. दवाखाना चांगला होता, औषधं होती, पण आजार तयार होत होता गावात, आणि दवाखाना गावात जात नव्हता. मग ते सार्वजनिक आरोग्य शिकायला अमेरिकेत गेले आणि परत येऊन १९७० मध्ये त्यांनी जामखेड निवडलं. दुष्काळी भाग, जवळ मोठं इस्पितळ नाही. गावातल्या पुढाऱ्यांशी बोलणी करून, गाव बोलावतंय याची खात्री करून ते आले. पहिला दवाखाना उघडला तो गुरांच्या पडक्या दवाखान्याच्या जागेत.

आता ते दोघं डॉक्टर. त्यांना वाटलं असणार की लोक औषध मागतील. लोकांनी मागितलं अन्न आणि पाणी. १९७२ चा दुष्काळ तर आपल्या सगळ्यांच्या आयांना आठवतो, सुकडी आणि खडी फोडण्याचा. आरोळ्यांनी आपली वही बाजूला ठेवली. लहान मुलांसाठी गावोगावी सामूहिक स्वयंपाक सुरू झाला, पाण्यासाठी बोअर पाडले गेले. आणि हे बोअर कुठे घ्यायचे यात त्यांचं शहाणपण दिसतं. जाणूनबुजून ते दलित वस्तीत घेतले. ज्या घरांतल्या बाया कधी त्या वस्तीकडे फिरकल्या नव्हत्या त्या हंडा घेऊन तिथे रांगेत उभ्या राहिल्या. जातीवर भाषण देऊन जे झालं नसतं ते हातपंपाने सुरू केलं. पुरुषांना गोळा करायला त्यांनी व्हॉलीबॉलचे खेळ ठेवले. खेळायला सगळ्या जातींची पोरं येत, खेळ संपला की तिथेच बसून गप्पा होत, त्यातून शेतकऱ्यांची मंडळं झाली. बायकांची मंडळं नंतर उभी राहिली.

सुरुवातीला त्यांचीही योजना फसली, हे वाचून आम्हाला फार धीर आला! त्यांनी शिकलेल्या नर्सबाया गावांत ठेवून पाहिल्या. पण बाहेरून आलेल्या एकट्या बाईला खेड्यात राहणं जड गेलं, आणि गावानेही तिला आपलं मानलं नाही. मग गावातलीच बाई निवडायची ठरली. गावाने निवडलेली. बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या. मराठा, महार, मांग, मुसलमान बाया एका पंगतीत. बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखर-पाणी कसं पाजायचं, लस कधी द्यायची, कुष्ठरोगाचा डाग कसा ओळखायचा, हे त्या शिकल्या आणि आपापल्या गावात जाऊन सांगू लागल्या. १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पंचवीस वर्षांत तो आकडा तीसच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम चालू आहे.

त्या आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई पोळ एकदा वॉशिंग्टनच्या मोठ्या सभेत बोलायला गेल्या होत्या. डोक्यावर काचेची झुंबरं झळकत होती. मुक्ताबाईंनी मोठ्या डॉक्टरांना त्या झुंबरांची उपमा दिली, देखणी पण महाग आणि हाताला न लागणारी. मग त्यांनी पिशवीतून साध्या वातीचे दिवे काढले आणि एकावरून दुसरा पेटवून दाखवला. आमच्या त्या मैत्रिणीला इथेही आजीची कापडी पिशवीच आठवली.

जामखेडचं काम एखाद्या चर्चच्या मंडळीने केलेलं नाही हे आम्हाला माहीत आहे. ते डॉक्टर होते, त्यांच्यामागे मदतही होती. आमच्याकडे सहा मशिनी आणि लिलावाचे पैसे. पण आम्ही एक गोष्ट त्यांच्याकडून उचलली. मागच्या महिन्यात तिघी मिळून चर्चपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या वस्तीत गेलो. दुपारी नाही, रात्री आठनंतर, जेवणं उरकल्यावर. सोबत वही नेली नाही. नुसत्या ओट्यावर बसलो. पहिल्या रात्री कुणी काही बोललं नाही, चहा तेवढा मिळाला. तिसऱ्या खेपेला बोलणं निघालं.

तीन वाजता आम्ही खुरपायला रानात असतो, एकीने सांगितलं. हे आम्हाला सुचलं नव्हतं, आणि आमच्या तिघींचंही माहेर शेतकऱ्याचं! दुसरी म्हणाली, चर्चच्या फाटकातून आत यायला घरचे नको म्हणतात. शिवण नको असं नाही, पण आधी दुसरं काही आहे. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन आम्ही कारखान्यावर जातो ते उन्हाळ्यात परततो. पोरं आज्यांजवळ राहतात. आजीला डोळ्यांनी दिसत नाही, पोरांना संध्याकाळी अभ्यासाला कुणी बसवत नाही, आणि रात्रीचं खाणं कधी होतं, कधी नाही. एक आजी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "पोरांचं नंतर बघा. माझ्या बीपीच्या गोळ्या कुठल्या सकाळी नि कुठल्या रात्री, ते आधी सांगा." आम्ही हसलो, मग तिची पिशवी पाहिली. तिच्यात दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या सारख्याच गोळ्या होत्या आणि ती दोन्ही घेत होती.

हे सगळं आम्ही पंचांपुढे मांडलं. वस्तीतल्या समाजमंदिरात हंगामाचे सहा महिने संध्याकाळी पोरांचा अभ्यास आणि एक वेळचं जेवण, शिकवायला आमच्यातल्या दोघी आणि वस्तीतलीच बारावी झालेली एक सून, स्वयंपाक आज्यांच्या हातचा, धान्य निम्मं मंडळीचं आणि निम्मं पोरांच्या आईबापांच्या उचलीतून. हे निम्मं देण्याचं आम्ही सुचवलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. फुकट नको म्हणाल्या. पंचांपैकी एका वडिलांनी विचारलं, "मग पाटी कुणाच्या नावाची लावायची?" दुसऱ्यांनी विचारलं, "यातून मंडळी वाढणार कशी?" प्रश्न वाईट मनाने विचारलेले नव्हते. या माणसांनीच सुगीला आपल्या कोंबड्या आणल्या होत्या. आम्ही त्यांना जामखेडच्या बोअरची गोष्ट सांगितली, "पोटासाठी बाटले" या टोमण्याचीही आठवण दिली. पाळकसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पाटीचा विषय पुढच्या सभेत घेऊ.

ती सभा येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. कमानीचा नकाशाही त्याच सभेत यायचा आहे. दसऱ्याला आता सहा आठवडे उरलेत, आणि मुकादमाची उचल वस्तीत वाटून झाली आहे. त्या आजीच्या गोळ्यांवर आम्ही सूर्य आणि चंद्र काढलेली कागदाची पुडकी करून दिली आहेत. आणि काल संध्याकाळी दोन मशिनी टेम्पोत घालून समाजमंदिरात नेल्या. भाडं आम्ही तिघींनी मिळून दिलं. खोळ मात्र हॉलमध्येच राहिली.